वरच्या माळावरचा साग : मोजणार कोण, घेणार कोण?

(फॅमिली ग्रुप : मोठं घर, संगमेश्वर)

रविवार

मंगेशदादा : सगळ्यांना नमस्कार. वरच्या माळावरच्या सागाला गिऱ्हाईक आलंय. देवरुखकडचा व्यापारी आहे. सगळा माल उक्ता मागतोय, साडेचार लाख. परवानगी, तोड, वाहतूक तोच बघणार, आपण फक्त सह्या करायच्या. दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत माळ मोकळा करून देतो म्हणतो. काय कळवू?

नंदूकाका : देऊन टाक. घराच्या कौलांचं काम दोन वर्षं रखडलंय. 👍

सुलभाआत्या : सह्या कुणाच्या?

मंगेशदादा : सातबाऱ्यावर नावं आहेत त्या सगळ्यांच्या. तुझीपण आहे आत्या.

सुलभाआत्या : आहे ना? मग "देऊन टाक" म्हणायच्या आधी विचारायची पद्धत ठेवा. अण्णांनी रोपं लावली तेव्हा पहिले दोन उन्हाळे विहिरीवरून कळश्या आम्ही बहिणींनी वाहिल्यात.

प्राजक्ता : दादा, साडेचार लाख कुठल्या हिशोबाने? झाडं किती, घनफूट किती?

मंगेशदादा : एकदा फिरून गेला माळावर. बघितलं की कळतं म्हणाला. दीडेकशे झाडं असतील.

प्राजक्ता : म्हणजे माल मोजला त्याने, भाव ठरवला त्याने आणि घेणारही तोच. साडेचार लाख जास्त की कमी हे आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाही, कारण आपल्या हातात आकडाच नाही. आधी आपल्या बाजूचा माणूस लावून मोजून घेऊ. त्याची फी आपण द्यायची, व्यापाऱ्याने नाही.

नंदूकाका : आता झाडं मोजायला पण कन्सल्टंट! राममंदिराला महाराष्ट्रातला साग गेला तेव्हापासून सगळ्यांना वाटतंय आपल्या माळावर सोनं उगवलंय.

विनायक : काका, तो विदर्भातला, बल्लारपूर-आलापल्लीकडचा साग, २०२३ मध्ये गेला. आपल्या कातळावरच्या सागाची आणि त्याची बरोबरी नाही. पण प्राजक्ताचं बरोबर आहे. आणि कुणी वन खात्याच्या डेपोतल्या लिलावाचे भाव ग्रुपवर टाकून "बघा, व्यापारी लुटतोय" म्हणू नका. त्या भावात तोड, ओढाई, वाहतूक सगळं होऊन माल डेपोत आडवा पडलेला असतो. आपला अजून माळावर उभा आहे, आणि ट्रक पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडेच थांबतो.

अमोल (अटलांटा) : इथे जॉर्जियात पाइनचं खाजगी जंगल असलेले शेतकरी खूप आहेत. लाकूड विकायचं असलं की स्वतंत्र फॉरेस्टर लावतात. त्याला राज्याचं लायसन्स लागतं. तो माल मोजतो, विकायच्या झाडांना खुणा करतो, मग वेगवेगळ्या लाकडाच्या गिरण्यांकडून बंद पाकिटात भाव मागवतो. तोड चालू असताना जागेवर चक्कर मारतो. फी बहुतेक विक्रीच्या टक्क्यांवर असते.

प्राजक्ता : बंद पाकिटाचं आवडलं. टक्क्यांचं नाही. जितकी झाडं पडतील तितका त्याचा वाटा वाढणार, मग "हे राहू द्या" कोण म्हणेल?

अमोल : पण टक्के असले तर भाव वाढवून घेण्यात त्याचाही फायदा असतो. ठरलेली फी घेणारा मोजून निघून जाईल.

प्राजक्ता : म्हणून मोजणीची फी झाडामागे ठरलेली. विक्रीचं नंतर वेगळं बोलू.

विनायक : आमच्या सासुरवाडीला राजापुरात काय झालं सांगतो. व्यापाऱ्याने साठ सागांची परवानगी काढली. तोडताना शेजारच्या परड्यातले खैर पण घेऊन गेला. व्यापारी फोन उचलेना आणि नोटीस आली सासऱ्यांना, कारण अर्ज त्यांच्या नावाचा. कुलमुखत्यारपत्र वाचायला मागितलं तर घरात प्रतच नाही! ७८ वर्षांचा माणूस वन खात्याच्या रेंज ऑफिसच्या बाकावर बसून होता.

सुलभाआत्या : मी कसलंही कुलमुखत्यारपत्र देणार नाही. नोंद करून ठेवा.

सोमवार

मंगेशदादा : दोन माणसं कळली. एक रिटायर्ड वनपाल. म्हणाले, खात्यात सगळे आपले, फाइल अडणार नाही, दहा टक्के द्या, व्यापारी पण मीच आणतो. दुसरा दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात शिकलेला मुलगा. हायवेच्या रुंदीकरणात लोकांच्या झाडांचं मूल्यांकन करून द्यायचा. झाडामागे फी सांगतो. गिऱ्हाईक आणत नाही म्हणाला, ते तुम्ही बघा.

नंदूकाका : पहिला बरा की! ओळखीचं काम पटकन होतं. पोराला कोण विचारतो ऑफिसात?

प्राजक्ता : काका, "व्यापारी पण मीच आणतो" यातच सगळं आलं. व्यापाऱ्याकडून त्यांना वेगळं काही मिळतं का, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

विनायक : एक सांगू का, रिटायर्ड म्हणजे वाईट असं नाही. जुन्या वनपालांना झाडाची पारख असते ती पुस्तकातून येत नाही. प्रश्न माणसाचा नाही, तो दोन्हीकडून खातोय का याचा आहे. दादा, दोघांनाही एकच विचार : गेल्या वर्षी ज्यांचं काम केलं त्या मालकांचे नंबर द्या. व्यापाऱ्यांचे नको, मालकांचे.

मंगेशदादा : विचारतो.

मंगेशदादा : मुलाने तिघांचे दिले. त्यातले एक लांज्याचे, त्यांच्याशी बोललो. म्हणाले, आम्ही सगळं तोडायला निघालो होतो, त्याने अर्धं ठेवायला लावलं, तेव्हा राग आला होता. आता नाही. वनपालसाहेब म्हणाले, माझं नाव तालुक्यात कुणालाही विचारा.

प्राजक्ता : कुणालाही म्हणजे कुणालाच नाही. मुलाला बोलवा. आणि तो यायच्या आधी आपलं घरचं काम :

सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा. कोकणात पुष्कळ जमिनींवर "खाजगी वन" शेरा आहे, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यापासूनचा, म्हणजे तिथे सरकारचा हक्क लागू शकतो. तो आपल्या गटावर निघाला तर हा सगळा विषय इथेच थांबतो, मग वकीलच गाठावा लागेल.

शेरा नसला तरी परवानगी लागतेच. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, ऐन आहे, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळसुद्धा आहे. "आपल्या मालकीचं आहे, कोण विचारतो" असं कुणी म्हणू नका. परवानगी मिळाली तरी वाहतुकीच्या पासाशिवाय एक ओंडका रस्त्यावर न्यायचा नाही.

आणि अण्णांची ट्रंक उघडा. रोपं विकत घेतल्याची पावती, पीकपाहणीतली सागाची नोंद, काही मिळालं तर फोटो पाठवा. लावून जोपासलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं धरलं जातं, आपोआप उगवलेल्या रानाचं नाही. सुप्रीम कोर्टाचा १९५७ चा निकाल आहे. बांधावरचे ऐन-किंजळ विकले तर त्यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागेल.

नंदूकाका : ट्रंकेत काय काय निघेल देव जाणे 😄 नव्वदच्या दशकातली सागवान कंपन्यांची माहितीपत्रकं पण असतील. आमच्या अर्ध्या ऑफिसने युनिटं घेतली होती, वीस वर्षांत लखपती म्हणून. शेवटी १९९९ मध्ये सेबीला असल्या योजनांवर नियम करावे लागले.

विनायक : तरी तुम्ही म्हणता मोजायला माणूस कशाला 🙏

नंदूकाका : बरं बरं. लावा.

शनिवार

मंगेशदादा : मुलगा येऊन गेला. सकाळी साडेसातपासून ऊन चढेपर्यंत माळावर होतो. मोठा मेसेज आहे, सावकाश वाचा.

प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपने घेतला. मग कोयत्याच्या मुठीने बुंधा ठोकायचा. पोकळ असेल तर आवाज ढब येतो, तसे अकरा निघाले. बाहेरून एकदम टणटणीत दिसत होते. नंबर ऑइल पेंटने दोनदा घातला, एक छातीपाशी आणि एक पार खाली, मुळाजवळ. मी विचारलं दोनदा कशाला? म्हणाला, वरचा नंबर ओंडक्याबरोबर ट्रकमधून जातो, खालचा खुंटावर राहतो. तोड झाल्यावर खुंट मोजायचे. बिननंबरचा खुंट दिसला की चोरी झाली.

एकूण भरली १६३. त्याचं म्हणणं, सगळी तोडू नका. अण्णांनी लावली ती जवळजवळ लावली आणि विरळणी कधीच झाली नाही, त्यामुळे झाडं उंच गेली पण जाड झाली नाहीत. वाकडी, दबलेली, पोकळ, दुबेळक्याची मिळून ७० काढायची. सरळसोट आहेत ती ठेवायची. मोकळं मिळालं की घेर धरतील, गाभा वाढेल. भाव गाभ्यालाच आहे.

नंदूकाका : म्हणजे चांगला माल ठेवायचा आणि वाकडा विकायचा? कौलं त्यात होणार?

मंगेशदादा : कौलं होतील, स्लॅब नाही होणार.

मंगेशदादा : अजून एक. व्यापारी घनफूट कसं काढतात ते त्याने दाखवलं. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेर आणि दहा फूट लांबीचा ओंडका असला तर होतात १० घनफूट. पण खऱ्या गोलाईचं माप काढलं तर तोच ओंडका पावणेतेरा घनफूट भरतो.

अमोल : व्वा. म्हणजे दर दहामागे पावणेतीन फुकट?

मंगेशदादा : मी तेच म्हणालो. तो म्हणाला, चोरी नाही, धंद्याची जुनी रीत आहे, भावही त्याच मापावर ठरलेला असतो. फक्त कुठल्या मापाचा भाव आणि घेर सालीवरून की साल काढून, हे आधी कागदावर घ्या. भाव एका मापाचा सांगून माल दुसऱ्या मापाने मोजला की मालक बुडतो.

प्राजक्ता : हा मुलगा मला पटला. स्वतःची फी वाढेल असं एकही वाक्य बोलला नाही.

विनायक : मग भाव घनफुटावर मागू, उक्ते नको. पोकळ निघाली तर व्यापारी रडणार नाही, भरीव निघाली तर आपण रडणार नाही. नंबरांची यादी तीन-चार व्यापाऱ्यांना द्यायची, एकाच दिवशी पाकिटं उघडायची. देवरुखवाल्यालाही द्या, त्याच्याशी वैर कशाला?

मंगेशदादा : त्याला सांगितलं. चिडला. "मग माझा भाव विसरा" म्हणाला. तासाभराने परत फोन, यादी कधी देताय?

प्राजक्ता : 😄 तोडीच्या दिवसांत मुलगा जागेवर थांबेल का?

मंगेशदादा : रोजावर थांबतो म्हणाला. टक्के नको म्हणाला.

अमोल : मी माघार घेतो 🙏

सुलभाआत्या : पऱ्याकडचा बेहडा यादीत आहे का? त्याच्या ढोलीत दरवर्षी माडगरूड (धनेश पक्षी) बसतो. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा देतो. फेब्रुवारीत तिथे कुऱ्हाडीचे घाव घातलेत तर बघा.

मंगेशदादा : बेहडा यादीत नाही आत्या. आणि त्याच्या आजूबाजूचे चार सागही त्या मुलानेच सोडले. झाड आडवं पडताना फांद्या लागतील म्हणाला.

सुलभाआत्या : शहाणा आहे. कुठल्या गावचा?

मंगेशदादा : गुहागरकडचा. लग्न झालंय त्याचं.

सुलभाआत्या : मी काही विचारलं का?

प्राजक्ता : संमतीपत्राचा मसुदा ग्रुपवर टाकलाय. फक्त ७० झाडं, नंबरांसकट. फक्त वन खात्याच्या अर्जासाठी, विक्रीसाठी नाही. पैसे खातेदारांच्या बँक खात्यात हिश्श्याप्रमाणे, रोख नाही. कुलमुखत्यारपत्र कुणालाच नाही, सह्या आपणच करायच्या. बुधवारपर्यंत सगळ्यांनी वाचा.

नंदूकाका : वाचलं. ठीक. कौलांचे पैसे आधी बाजूला काढून मग हिस्से करा एवढं घाला.

प्राजक्ता : घालते. सगळ्यांना चालेल?

विनायक : 👍

अमोल : 👍 माझी सही कशी? नोटरी इथली चालेल का?

प्राजक्ता : त्याचं विचारून सांगते, घाई करू नकोस.

सुलभाआत्या : अक्षर फार बारीक आहे. मोठ्या टाइपात प्रिंट काढून कुरियर कर. आणि नंबरांची यादी सोबत लाव, त्याशिवाय सही होणार नाही.