कायोटी दिसला की गोळी: पटतं का तुम्हाला?

हिल_कंट्रीकर
टेक्सासच्या हिल कंट्रीत आमच्या बोअर जातीच्या शेळ्या आहेत. वसंतात करडं झाली की शेजारपाजारी एकच विषय, कायोटी, म्हणजे इकडचा कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी. यंदा वर्गणी काढून सापळेवाला आणायचा, दिसेल तो कायोटी उडवायचा असं ठरलंय. मी वर्गणी देणार नाही म्हटलं, तेव्हापासून बोलणं जरा तुटक झालंय.

सरकारी 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस' वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. पूर्वी विष घालून झालं. तरी पश्चिमेच्या माळरानातला हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहे. नर-मादीची जोडी हद्द धरून राहते, परक्याला घुसू देत नाही. उंदीर-ससे खाऊन गप्प बसणारी जोडी मारली की जागा मोकळी. तिथे येणारा कसा निघेल कुणी सांगावं? तेच पैसे कुत्र्यात आणि कुंपणात घाला.

मेंढरंवाला
दादा, तुमच्या हौशी कळपाला हे ठीक आहे. मी पोटासाठी मेंढ्या सांभाळतो, तीन हजार एकरांवर. सकाळी कोकरू पडलेलं दिसतं, वरून काही नाही. मानेची कातडी सोलली की गळ्यावर सुळ्यांची भोकं आणि आत साकळलेलं रक्त. मोकाट कुत्र्यानं धरलं असतं तर मांड्या, शेपूट सगळीकडे फाडलेलं असतं. रोज एक असं जायला लागलं की हद्द नि जोडी ऐकायला कान राहत नाहीत. टेक्सासात जनावरांवर हल्ला करणारा कायोटी मारायला जमीनमालकाला शिकारीचा परवाना लागत नाही, तो नियम उगाच नाही.

बे_एरियातली_अनु
कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीने २००० साली सरकारी मारेकऱ्यांशी करार थांबवला आणि तो पैसा शेतकऱ्यांना कुत्री, लामा, कुंपण यांसाठी दिला. मेंढ्या पाळणं बंद नाही पडलं तिथे. आणि सापळेवाल्यांच्या हत्यारांचं म्हणाल तर २०१७ मध्ये आयडाहोत पोकाटेलोजवळ कायोटीसाठी पुरलेल्या सायनाइडच्या नळीने एका मुलाचा कुत्रा त्याच्यासमोर मेला. मुलगा थोडक्यात बचावला.

मेंढरंवाला
अनुताई, मरिनमधली कुरणं आणि आमचं झुडपी रान यांत फरक आहे. कुत्रं एका टेकडीवर, मेंढ्या चार टेकड्यांवर. शिवाय सायनाइड मी मागितलंच नाही, बंदूक म्हणतोय.

हिल_कंट्रीकर
मग बंदुकीपुरतं बोलू. कॅलिफोर्नियातच हॉपलंडच्या संशोधन केंद्रात असं दिसलं की कोकरं मारणारे बहुतेक त्याच भागात पिल्लं घातलेल्या जोडीतले असतात. ती नेमकी जोडी काढली की काही महिने कोकरं मारली जाणं थांबतं, इतर कायोटी मारून फारसा फरक पडत नाही. युटामध्ये तर नसबंदी केलेल्या जोड्यांनी कमी कोकरं मारली, कारण घरी भरवायला पिल्लंच नव्हती. म्हणजे ज्याने मारलं त्याला मारा, मी आड येत नाही. वर्गणी मात्र डिसेंबरात दिसेल त्याला उडवायला आहे.

मेंढरंवाला
ज्याने मारलं तो चिठ्ठी ठेवून जातो का? पण पिल्लांच्या दिवसांत जिथे नुकसान तिथेच बसायचं, हे मान्य. हिवाळ्यातल्या इनामी शिकारींना माझाही पाठिंबा नाही, ती पोरांची मजा असते.

बारामतीकर
आमच्याकडे लांडगा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, म्हणून गोळीचा विषयच नाही. धनगर रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडतो, भोवती कुत्री आणि स्वतः बाजूला घोंगडी टाकून झोपतो. तरी लांडगा एखादं कोकरू नेतोच. तुमच्याकडे तर झटका मशीन, कॅमेरे, सगळं आहे. माणूस झोपतो कुठे?

मेंढरंवाला
घरी, एसीत. 😄 खरं सांगायचं तर तिथेच गोम आहे. रात्रीला माणूस ठेवायचा तर मेंढी विकून मजुरी निघत नाही.

हिल_कंट्रीकर
म्हणूनच कुत्रा. राखणीच्या जातीचा, ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन, पण पिल्लू असल्यापासून शेळ्यांत वाढवलेला. घरात लाडावलेला आणून सोडला तर तो दारातच बसून राहतो. रात्रभर भुंकतो ही खरी अडचण, जवळ वस्ती असेल तर भांडणं होतात. आणि मेलेलं जनावर रानात टाकू नका, पुरा. वासावर येणाऱ्याला तुम्हीच आमच्याकडचा रस्ता दाखवता.

सुमाकाकू_ओहायो
कुत्रा झेपत नसेल तर गाढव? आमच्या शेजारी एक गाढवीण आहे. कायोटी दिसला की ओरडत धावते त्याच्या अंगावर.

मेंढरंवाला
चालतं काकू, पण एकच ठेवायचं. दोन असली की एकमेकांत रमतात, मेंढ्या वाऱ्यावर. नर नको, गाढवीण किंवा खच्ची केलेलं. करडं व्हायच्या दिवसांत वेगळं बांधा, काही गाढवं नवजात करडाला तुडवतात. आणि शेळ्यांच्या तयार खुराकाच्या पोत्यावरचं लेबल वाचा. मोनेन्सिन नावाचं औषध असेल तर गाढवाच्या तोंडी लागू देऊ नका, थोडंसंही जिवावर बेततं.