स्प्रिंग कापलेली गाडी आणि स्प्रिंग बदललेली गाडी एकच का?

पस्तीस_मिमी
काल आपल्या गावच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. जुळे सोलापुरात एक पांढरी हॅचबॅक स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकलीय आणि खाली लिहिलंय, "बापाच्या पैशावर स्प्रिंगा कापायच्या आणि रस्ता अडवायचा. असल्या सगळ्या गाड्या आरटीओनं भंगारात घालाव्यात." त्यावर सगळे हो ला हो. सरसकट सगळ्यांना एका दावणीला बांधलं म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझी स्विफ्ट मी खाली घेतलीय, म्हणजे तिची उंची कमी केलीय (यालाच लोअरिंग म्हणतात), माझ्या पगारातून. कंपनीतून येताना ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, १६३ मिमी होता, आता १३०च्या आसपास आहे. स्प्रिंग कापलेली नाही, बदललेली आहे. ग्राइंडर लावून दीड वेढा उडवला की गाडी खाली येते, पण कापलेलं टोक स्प्रिंग ज्या वाटीत टेकते त्या वाटीत नीट बसत नाही. गाडी जॅकवर उचला, स्प्रिंग हातानं हलते. तीच गाडी ब्रेकरवरून उडाली की चाक लोंबतं, स्प्रिंग जागा सोडते, आणि चाक परत टेकल्यावर ती कशी बसेल याचा भरवसा नाही. गॅसनं तापवून बसवणारे तर आणखी वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. लोअरिंगसाठी बनवलेली स्प्रिंग आखूड असते, पण तिची दोन्ही टोकं मूळ वाटीला बसतील अशीच घडवलेली असतात. शिवाय ती मुद्दाम कडक ठेवतात, कारण वरखाली व्हायला जागा कमी उरलेली असते. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्या हेच काम करत आल्यात.

वळणावर गाडी कमी झुकते, पुणे हायवेला लेन बदलताना डुलत नाही. आणि हो, दिसायला देखणी दिसते. तेही कारण आहे, ते लपवायचं कशाला?

ॲम्बॅसॅडर_काका
बाळा, जर्मनीतली गोष्ट जर्मनीत. तिथं टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेची मंजुरी असलेलाच माल चालतो, तपासणी होते. इथं तुझी स्प्रिंग कुणी तपासली? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ आलं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

पस्तीस_मिमी
काका, कलम मीही वाचलंय. त्यात बदल म्हणजे गाडीच्या ढाच्यात केलेला, तिचं मूळ स्वरूप पालटणारा बदल. आरसीत स्प्रिंगची लांबी कुठं लिहिलेली असते?

ॲम्बॅसॅडर_काका
आरसीत नाही म्हणून मोकळीक मिळाली असं होत नाही. १८२-अ मध्ये नंतर बसवलेले सुटे भागही धरलेत. हा युक्तिवाद इन्स्पेक्टरसमोर उभं राहून कर, मग आपण बोलू.

क्लेमवाला
मी विम्याच्या क्लेमचं काम करतो. दंड परवडतो, क्लेम अडकला तर परवडत नाही. बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर चाकाच्या आत वाकून बघतोच, आणि लाल रंगाची स्प्रिंग लांबून दिसते.

टेंभुर्णी_अपडाऊन
काय बे, स्प्रिंगला कलमं लावत बसलाय! गाळप सुरू झालं की हायवेला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. माझा मेहुणा पाकणीजवळ असल्याच एका ट्रॉलीत मागून घुसला. अजून काठी घेऊन चालतोय. त्या ट्रॉलीवाल्याला कुणी विचारलं नाही. आरटीओला पकडायचंच असेल तर आधी त्यांना पकडा म्हणावं.

ॲम्बॅसॅडर_काका
मेहुण्याचं ऐकून वाईट वाटलं, आणि ट्रॉल्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण दुसरा चुकतोय म्हणून हा सुटत नाही.

अलाइनमेंटवाला
माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. खाली घेतलेल्या गाड्या येतात, त्यात कापलेल्याही असतात आणि बदललेल्याही. पस्तीस भाऊ, कापण्याबद्दल लिहिलंत ते खरं. पण अर्धंच लिहिलंत.

स्प्रिंग बदलून शॉकअप कंपनीचाच ठेवला की काय होतं ते बोला ना. तो शॉकअप मऊ स्प्रिंगसाठी बनलेला. कडक स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा त्याला ती आवरत नाही, गाडी एका खड्ड्यावर दोनदा-तीनदा हलते. दांडा आधीच खाली बसलेला असतो, त्यामुळे शेवटचा धक्का झेलणारा बंप रबर लवकर लागतो. थोड्याच दिवसांत शॉकअप तेल सोडतो. मग पोरं म्हणतात स्प्रिंग खराब निघाली.

दुसरं, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा तिरकेपणा. पुढं मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन आहे. गाडी खाली आली की चाकाचा माथा आत झुकतो, टायर आतून खातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण टायर जास्त लवकर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं की चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. उंची बदलली की टो हलतोच, आणि फिटिंग झाल्यावर अलाइनमेंट न करता लोक आठवडाभर फिरतात. टायरवर आडवा हात फिरवून बघा. बाहेरून आत नेला की गुळगुळीत लागतो, उलटा आणला की करवतीसारखं बोचतं. ते बोचलं की समजा टायर गेला. टो मी मशीनवर काढून देतो. कॅम्बर बऱ्याच गाड्यांत कंपनीनं ॲडजस्टच ठेवलेला नसतो, त्याला कॅम्बर बोल्ट लागतात. ते सांगितलं की म्हणतात, राहू द्या.

तिसरं. जास्त खाली घेतली की वळणावर जास्त चांगली, हा गैरसमज काढा. चाकाला धरणारा खालचा आर्म आडव्याच्याही पुढं जाऊन वर तोंड करतो. तेव्हा गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्यानं खाली जातो, म्हणजे झुकवणारा जोर उलट वाढतो. कडक स्प्रिंगमुळे ते जाणवत नाही एवढंच. तीस-पस्तीसपर्यंत ठीक. साठ मिमी पाडून आणतात त्यांना मी हातच लावत नाही.

पस्तीस_मिमी
माझे शॉकअप स्प्रिंगला जुळणारे आहेत, अलाइनमेंट फिटिंगच्याच दिवशी केलंय. पण बरं झालं तुम्ही लिहिलंत. शॉकअपचा खर्च टाळणारे खूप आहेत, हे मान्य.

मागच्या_सीटवरून
माझ्या भावानंही "चांगल्या" स्प्रिंगा लावल्यात. आईला मणक्याचा त्रास. तिला तपासणीला न्यायचं म्हटलं की विजापूर रोडपासून सात रस्त्यापर्यंत ती दोन्ही हात सीटवर रोवून बसते. गेल्या खेपेला परत येताना तिनं रिक्षा करायला लावली. घरात गाडी उभी असताना. दादा, पुढं बसून वळण चांगलं वाटतं हे मी नाकारत नाही. पण गाडी घरातल्या सगळ्यांची असते, आणि स्प्रिंग बदलताना घरातल्यांना कुणी विचारत नाही.

पस्तीस_मिमी
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आईंसाठी गाडी परत मूळ स्प्रिंगवर आणता येते. जुन्या स्प्रिंगा भावानं विकल्या नसतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पण फोटोतल्या गाडीबद्दल बोलायचं तर दोष ब्रेकरचाही आहे. आयआरसी ९९ या रस्त्यांच्या मानकाप्रमाणे ब्रेकर १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा हवा, ताशी २५ किमीनं ओलांडता यावा असा. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २.४५ मीटर. म्हणजे पुढची-मागची दोन्ही चाकं एकाच वेळी त्या गोलाईवर मावतात, आणि मधला फुगवटा पोटाकडे ४४ मिमीच वर येतो. माझ्याकडे १३० आहेत. फोटोतला ब्रेकर हातभर रुंद आणि दिसायला पंधरा सेंमी तरी उंच. पुढची चाकं उतरली, मागची चढायची आहेत, की सगळी उंची पोटाखाली. त्यावर कंपनीची गाडीसुद्धा पाच माणसं बसवली की इंजिनाखालचं चेंबर घासते.

कॉलनीतला_रहिवासी
तो ब्रेकर आमचा आहे. वर्गणी काढून केलाय. शेजारच्या पोराला सायकलवरून जाताना बाईकवाल्यानं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. आम्ही आधी अर्ज दिले होते, कुणी फिरकलं नाही. त्या दिवशी रात्रीच सिमेंट आणलं. तुम्ही मला त्रिज्या शिकवू नका. ब्रेकर झाल्यापासून आमच्या बोळातून कुणी भरधाव गेलेलं नाही.

पस्तीस_मिमी
पोराचं झालं ते वाईटच झालं. पण उद्या रात्री पाऊस असताना एखादा दुचाकीवाला तुमच्या त्या बिनपट्ट्याच्या ब्रेकरवर पडला तर त्याच्या घरी काय सांगणार?

कॉलनीतला_रहिवासी
तू कोण बे विचारणारा? गाडी जमिनीला टेकवून फिरायची आणि शहाणपण आम्हाला शिकवायचं? रस्ता तुझ्या स्टान्ससाठी, गाडी खाली पाडून मिरवण्यासाठी, बांधलेला नाही.

ॲम्बॅसॅडर_काका
अरे-तुरे नको. स्प्रिंगबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ब्रेकरबद्दल हा मुलगा बोलतोय ते मला मान्य करावं लागतंय. माझ्या पत्नीला ॲम्ब्युलन्समधून नेलं तेव्हा आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत असल्याच ब्रेकरवर ती प्रत्येक वेळी कळवळली. त्या ॲम्ब्युलन्सच्या स्प्रिंगा कुणी कापल्या नव्हत्या.

टेंभुर्णी_अपडाऊन
आणि पाइपलाइनचे चर विसरलात का? रस्ता आडवा खोदायचा, वर मुरूम लोटायचा आणि निघून जायचं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चर सहा महिन्यांत बसतो. एक ब्रेकर वर, एक चर खाली. माझ्या गाडीच्या रिंगा तर स्टान्स न करताच वाकल्यात.

अलाइनमेंटवाला
रिंग वाकलेल्या निम्म्या गाड्या त्या चरांमुळंच येतात. मूळ उंचीच्या गाड्या, बरं का. कॉलनीवाले साहेब, तुमचा ब्रेकर तोडा असं कुणी म्हणत नाही. उंची दहा सेंमीवर आणा, दोन्ही बाजूंना लांब उतार द्या, पांढरे पट्टे मारा. जोरात येणारा तरीही थांबेल.

कॉलनीतला_रहिवासी
पट्टे मारून घेतो. उतार द्यायचा तर पैसे कोण देणार? परत वर्गणी मागितली तर लोक दार उघडणार नाहीत.

पस्तीस_मिमी
मी देतो माझा वाटा. तुम्ही आवाज चढवलात त्याबद्दल राग आहेच, तरी देतो.

कॉलनीतला_रहिवासी
आधी कॉलनीत विचारतो. उंचीचं मात्र आमचं आम्ही ठरवणार.