अर्धा डबा उरलेलं नारळाचं दूध रोजच्या जेवणात कसं संपवायचं?

घेवडा
आमच्याकडे मुलगी अधूनमधून थाय ग्रीन करी करते. त्यासाठी 400 मिलीचा नारळाच्या दुधाचा डबा येतो, करीत अर्धाच लागतो. उरलेला अर्धा फ्रीजमध्ये मागे मागे सरकत जातो आणि शेवटी आंबूस वास आला की ओतून द्यावा लागतो. अन्न टाकायचं फार जिवावर येतं.
माझ्या अडचणी आधीच सांगते. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यामुळे गोड नको. फ्रीझर एवढासा आहे, त्यात मटार आणि बर्फाचा ट्रे ठेवला की संपला. नवीन भांडं किंवा यंत्र घ्यायचं नाही. आणि वाटीभर दूध संपवायला दोनशे रुपयांचं सामान आणायचं नाही. भाजी, आमटी, भात, भाकरी यांतच काही सुचतं का?

तिरफळ
शिरवाळे! दुसरा विचारच करू नका. उकड काढून साच्यातून तांदळाच्या शेवया पाडायच्या, वाफवायच्या आणि नारळाच्या दुधात गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घालून त्यात बुडवून खायच्या. आमच्या मालवणला पाहुणा आला की हेच. पितळी साचा मात्र हवा, लाकडीसुद्धा चालतो. माझ्याकडे आजेसासूबाईंचा आहे, अजून एक आटा ढिला झालेला नाही.

माडाची_झावळी
मुळात डबा आणायचाच कशाला? एक नारळ फोडा, खवा, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा, पंच्यातून पिळा. पहिलं दूध दाट, दुसरं पातळ. लागेल तेवढंच काढायचं, उरण्याचा प्रश्नच येत नाही. डब्यातल्या दुधाला ती चव येतच नाही. मी गेल्या वर्षी टेबलावर बसवायची खवणी घेतली, हँडल फिरवायचं फक्त. प्रत्येक घरात असायलाच हवी अशी वस्तू आहे.

राइनकाठ
जर्मनीत राहतो, इथे नारळ मिळतो तो आतून निम्म्या वेळा खवट निघतो, त्यामुळे आम्हाला डबाच. उरलेलं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठलं की पिशवीत भरून ठेवा. आमटीत एक-दोन खडे टाकले की काम होतं. महिना-दोन महिने सहज राहतं. काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून गोठवू नका, गोठताना फुगतं आणि बाटली तडकते.

घेवडा
राइनकाठ, उपाय छान आहे पण फ्रीझरमध्ये खरंच जागा नाही. आणि तिरफळताई, गोड नको म्हटलं होतं ना.

निनावं_खाणारी
गोड नको हे वाचलं, तरीही सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सीकेपी घरात पिठोरीला निनावं होतं, बेसन, गूळ आणि नारळाचं दूध. वाटीभर दूध त्यात कधीच संपतं. सासऱ्यांना एक छोटी वडी दिली तर काय बिघडतं?
बरं, तिखटातलं हवं असेल तर वालाचं बिरडं. मोड आणून सोललेले कडवे वाल शिजत आले, आमसूल आणि अगदी खडाभर गूळ पडला की शेवटी गॅस बारीक करून नारळाचं दूध घालायचं आणि वर उकळी येऊ द्यायची नाही. नुसतं गरम झालं की उतरवायचं. वाल नसतील तर मुगाच्या उसळीला हीच रीत लावा.

मीठभाकर
मधुमेह्याला नारळाचं दूध चालतं का, हे आधी कोणी बघितलं का? साखर कमी असते हे खरं, पण दाट दुधात स्निग्धांश भरपूर आणि त्यातला बहुतेक संपृक्त. आमच्या वडिलांना डॉक्टरांनी हात आवरायला सांगितलंय.

माडाची_झावळी
कोकणात पिढ्यान् पिढ्या खातात हो. माझे आजोबा नव्वदीत माडावर नजर ठेवून असायचे.

मीठभाकर
तुमचे आजोबा दिवसभर वाडीत राबत होते, मी दिवसभर खुर्चीत बसतो. तेवढाच फरक लक्षात घ्या म्हणतोय.

आमसूल
इतके प्रतिसाद झाले आणि सोलकढी कोणी लिहिली नाही? आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळायची, त्यात दूध, हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि कोथिंबीर. लसूण घालायचा नाही, लसणाने नारळाची चव मरते.

पाणसाळ
लसणाशिवाय सोलकढी? आमच्याकडे दोन पाकळ्या ठेचून घातल्याशिवाय मासळीच्या ताटात ती येत नाही. सिंधुदुर्गात कुठल्याही खानावळीत विचारा.

आमसूल
खानावळीत काय घालतात त्याला माझा इलाज नाही. घरच्या सोलकढीबद्दल बोलतोय.

पाणसाळ
मी पण घरच्याच सोलकढीबद्दल बोलतोय. आईची आहे.

राइनकाठ
लसणाचं तुम्ही ठरवा, पण डब्यातल्या दुधाची सोलकढी मला कधी आवडली नाही. ते दूध टिकण्यासाठी डब्यात तापवलेलं असतं, त्यामुळे शिजल्यासारखी चव येते आणि सोलकढीत ती लपत नाही. करायचीच असेल तर दूध दुपटीने पातळ करा आणि फ्रीजमध्ये गारढोण करू नका. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, मग वर पांढरे कण तरंगतात. इथे थंडीत तर ओट्यावरही हेच होतं. कण दिसले म्हणजे नासलं असं मात्र समजू नका, कोमट केलं की विरघळतात.

घेवडा
हे कणांचं बरं झालं कळलं. मागच्या वेळी वर घट्ट थर दिसला म्हणून मुलीने टाकून दिलं होतं.

पाटा_वरवंटा
थर येणं आणि नासणं यांत फरक आहे. नासलेल्याला आंबट वास येतो, तार येते किंवा गुलाबी-करडे ठिपके दिसतात. यातलं काही दिसलं तर सरळ टाका. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात लगेच काढायचं. तीन-चार दिवस नीट राहतं. घरी पिळलेलं ताजं दूध मात्र दुसऱ्या दिवशी संपवायचं, ते लवकर आंबतं.
आता रोजच्या जेवणातलं सांगते: टोमॅटोचं सार. चार टोमॅटो उकडून, साल काढून, वाटून गाळून घ्या. त्यात पाणी, मीठ, किंचित तिखट घालून उकळा. मग गॅस अगदी बारीक करून अर्धी वाटी नारळाचं दूध सारातलंच थोडं पाणी घालून कोमट करा आणि हळूहळू ओता. वरून तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी. टोमॅटो आंबट असतो, त्यात दूध घालून खळखळून उकळलं की फुटतं, म्हणून उकळायचं ते आधीच उकळून घ्यायचं. पुन्हा गरम करतानाही हेच सांभाळायचं. साखर घालतात ती तुम्ही गाळा, दुधाचा अंगचा गोडवा पुरतो.

चतकोर
सार +1. मीही हेच लिहिणार होते. टोमॅटोचं सार करा, दूध शेवटी घाला, उकळू नका.

दर्यावर्दी
आंबलेलं दूध एक उकळी काढून वापरलं तर चालतं. आमच्याकडे कधी कोणाला काही झालं नाही.

पाटा_वरवंटा
नाही, हे चालत नाही. उकळल्याने जंतू मरतील, पण काही जंतूंनी दुधात आधीच सोडलेली विषं उकळूनही जात नाहीत. घरात वयस्कर माणूस आहे, त्यांना असा सल्ला देऊ नका.

दर्यावर्दी
ठीक आहे, ज्याचं त्याने बघावं.

खरवस_प्रेमी
ओटीजी घेऊन टाका आणि बिबिंका करा. थरावर थर भाजायचा, वरून आच लागते, म्हणूनच ओटीजी म्हणतोय. अंड्याचे पिवळे, साखर, मैदा, नारळाचं दाट दूध. आमच्या गोव्यातल्या शेजारणी नाताळात करायच्या, अर्धा दिवस त्यातच जायचा. मी घेतलेला ओटीजी 30 लिटरचा आहे, एकही पैसा वाया गेला नाही.

घेवडा
अहो, गोड आणि नवीन यंत्र, दोन्ही नको आहेत!

पोटापुरतं
डब्याऐवजी पावडर आणा. लागेल तेवढे चमचे कोमट पाण्यात कालवा, बाकी पाकीट घट्ट बंद. आमच्या घरी पावडर आल्यापासून थेंबभर वाया गेलेला नाही. फक्त पाकिटामागचे घटक वाचा, पुष्कळ पावडरींत दुधातलं प्रथिन असतं. दूध न चालणाऱ्या माणसाला नारळाचं म्हणून दिलं तर त्रास व्हायचा. किंवा 200 मिलीचं छोटं खोकं मिळतं, डाबर होममेडचं येतं तसं. करीला तेवढंच लागतं ना तुम्हाला?

माडाची_झावळी
पावडर! त्यापेक्षा नारळ फोडा.

पोटापुरतं
नोकरी करून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्याने नारळ खवायचा?

माडाची_झावळी
माझ्या खवणीवर पाच मिनिटं लागतात. आणि पिळून उरलेला चोथा कोरडा भाजून लसूण-मिरचीची चटणी होते, तो फायदा पावडरीत आहे का?

गावठी_लसूण
चोथ्याची चटणी आम्हीही करतो, पण खोबऱ्याच्या चटणीसारखी टिकत नाही. ओलसर राहिला तर बुरशी धरते. मंद आचेवर पूर्ण कोरडा होईपर्यंत परता.
घेवडाताई, भाताचं कोणीच नीट सांगितलं नाही. एक वाटी तांदळाला अर्धी वाटी दूध आणि बाकी नेहमीचं पाणी. कुकरमध्ये आतल्या डब्यातच लावा. थेट कुकरच्या तळाशी लावलात तर दूध बुडाला धरतं. मीठ, दोन लवंगा, वाटलं तर मटार. तुमच्या फ्रीझरमधले मटारही थोडे हलतील. सासऱ्यांना द्यायचा तर भात बेतानेच.

कांदेपोहे_तज्ज्ञ
दुधी, लाल भोपळा, दोडका, फरसबी यांची भाजी शिजली की पळीभर दूध. कांदा नको, मोहरी-कढीपत्ता-हिरवी मिरची बस. अंड्याच्या रश्श्यात घातलं तर वाटण निम्मं पुरतं. एक गोष्ट कटाक्षाने: आधी दूध घालून मग भाजी शिजवायला जाऊ नये. फुटायची फारच भीती वाटत असेल तर दुधात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून घाला, धरून राहतं. बऱ्याच डब्यांत ग्वार गम असतो, ते दूध तसंही सहजासहजी फुटत नाही.

घेवडा
सगळ्यांचे आभार, यातलं बरंच काही वहीत उतरवून घेतलंय. मला आणखी एक सुचतंय. आमच्याकडे घावन आठवड्यातून दोनदा तरी होतात. पिठात पाण्याबरोबर थोडं नारळाचं दूध कालवलं तर?

तिरफळ
नको! घावनाचं पीठ तांदूळ, पाणी आणि मीठ एवढंच. नारळाचा रस घावनावर घ्यायचा असतो, गूळ घालून. त्यालाच रस-घावन म्हणतात. पिठात घालून जाळी पडणार नाही.

पाणसाळ
तिरफळताईंशी सहमत. चिकटतील तव्याला.

पाटा_वरवंटा
मीही नाही करणार. सारच करा.

आमसूल
पिठात जातं ते कळतसुद्धा नाही, दूध वाया. सोलकढी करा. लसूण न घालता.

घेवडा
काल केले. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी डब्यातलं दूध, साधारण दीड वाटी पाणी आणि मीठ. दुधाचा थर आधी कोमट पाण्यात नीट मोडून घेतला आणि प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळलं. जाळी नेहमीपेक्षा कमी पडली हे खरं आहे. रंगही लवकर धरतो, म्हणून आच नेहमीपेक्षा कमी ठेवली. चिकटले मात्र नाहीत, उलट पहिल्यानंतर तेल लावावंच लागलं नाही. आणि गार झाल्यावर वातड होत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं, कारण मुलगी डब्यात नेते. सासऱ्यांनी लसणाच्या चटणीबरोबर दोन खाल्ले.
उरलेली अर्धी वाटी आज सारात गेली, पाटा_वरवंटाताईंनी सांगितलं तसंच. फुटलं नाही. पुढच्या वेळीही डबा मोठाच आणणार आहे, घावनांसाठी मला तो उरायलाच हवाय.

तिरफळ
जाळी कमी पडली ना, तेच म्हणत होते. जाळीशिवाय घावन म्हणजे धिरडं. पुढच्या वेळी निदान दोन घावन साध्या पिठाचे करून शेजारी ठेवून बघा.

पोटापुरतं
200 मिलीचं खोकं आणा म्हटलं होतं, तरी मोठाच डबा?

चतकोर
तिरफळताई, तो पितळी साचा आता कुठे मिळेल? लाकडी घेतला तर शेवया बारीक पडतात का?