आईच्या बद्धकोष्ठतेसाठी चूर्णाऐवजी काय द्यावे?

केतकी_पुणे
नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून वडील गेल्यानंतर ती बार्शीजवळच्या गावाहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली आहे. गावी असताना तिला पोटाची तक्रार कधी नव्हती. इथे आल्यापासून मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचास होत नाही, झाले तरी फार कुंथावे लागते आणि कोठा जड आहे म्हणून ती जेवणही टाळते. रात्री ती दुकानातून आणलेले पोट साफ करणारे चूर्ण घेते. सुरुवातीला अर्धा चमचा पुरत असे, आता दोन चमचे लागतात, पण वनस्पतींचेच आहे म्हणजे अपाय नाही, असे तिचे ठाम मत आहे. तिला रक्तदाब आणि थायरॉइडची गोळी आहे. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे अलीकडे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू झाल्या आहेत. तिला पटतील असे घरगुती, नैसर्गिक उपाय कृपया सुचवावेत.

माळरान
आमच्याकडे रात्री कोमट दुधात चमचाभर साजूक तूप देतात आणि महिन्यातून एकदा एरंडेल. दोन्ही निर्धोक आहेत.

रानजाई
तूप-दुधाला हरकत नाही, पण एरंडेल निर्धोक आहे हे मला मान्य नाही. त्याने आतड्याला जोरदार चालना मिळून मुरडा येतो आणि जुलाब होतात. आधीच कमी जेवणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईंना त्यातून अशक्तपणा येऊन चक्कर येऊ शकते. केतकीताई, नवा उपाय शोधण्याआधी चूर्णाच्या डबीवरचे घटक वाचून इथे लिहाल का?

केतकी_पुणे
सोनामुखी सर्वांत वर आहे. त्याखाली हिरडा, ज्येष्ठमध, सैंधव आणि पादेलोण.

रानजाई
अंदाज होताच. सोनामुखी हे आतड्याला आकुंचन पावायला लावणारे रेचक आहे. रात्री घेतले की सहा ते बारा तासांत परिणाम दिसतो, म्हणून सकाळी पोट साफ झाल्याचे समाधान मिळते. अधूनमधून घ्यायला ते उपयुक्त आहे आणि डॉक्टरही ते देतात. पण रोज वाढत्या मात्रेत घेतल्यास शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकते. ज्येष्ठमधही जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब चढवते. त्यात दोन प्रकारची मिठे आहेतच. म्हणजे सकाळी रक्तदाबाची गोळी आणि रात्री तिच्या उलट काम करणारे चूर्ण, असा प्रकार चालला असण्याची शक्यता आहे. आईंना हे नेमके याच शब्दांत सांगून पाहा; वनस्पतीतही औषध असते म्हणूनच तर ती लागू पडते.

दुसरी बाजू त्यांच्या गोळ्यांची. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी अनेकांना मलावरोध होतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होतो आणि थायरॉइडची मात्रा अपुरी पडत असली तरी होतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. लोहाचा प्रकार किंवा मात्रा डॉक्टरांना बदलता येते आणि टीएसएचची (थायरॉइडची मात्रा पुरते का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी साधी आहे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या वयात शौचाची सवय नव्याने बदलणे आणि त्याच सुमारास हिमोग्लोबिन कमी येणे, या दोन गोष्टी एकत्र असतील तर रक्त का कमी झाले याचा शोध घेतलाच पाहिजे, कारण मोठ्या आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव हेही त्यामागचे कारण असू शकते. असेलच असे नाही. शौचातून रक्त पडणे, वजन उतरणे किंवा पोटात सतत दुखणे यांपैकी काहीही असेल तर भेट अजिबात लांबवू नका. लोहाच्या गोळीने मल काळपट होतो, त्यामुळे केवळ रंगावरून घाबरू नका. मात्र तो डांबरासारखा चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर लगेच दाखवा.

ज्वारीची_भाकरी
आहाराबद्दल थोडे. बार्शीकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाणारे माणूस शहरात आले की पोहे, उपमा, भात यांवर येते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. निदान एका वेळी भाकरी, सोबत पालेभाजी किंवा मटकीची उसळ आणि दुपारी पेरू किंवा पपई, एवढे केले तरी फरक पडेल. कवळीमुळे चावता येत नसेल तर भाकरी आमटीत कुस्करून द्यावी. पाणी मात्र बरोबरीने वाढवावे लागते. शहरात आल्यावर चालणे थांबलेले असते, तेही पुन्हा सुरू करायला हवे.

पायवाट
कमोडचा मुद्दा सुटला. उकिडवे बसण्याची सवय असलेल्यांना कमोडवर जोर लावावा लागतो. पायांखाली वीतभर उंचीचे, न घसरणारे स्टूल ठेवून किंचित पुढे झुकून बसल्यास गुदमार्ग सरळ होतो. वेळ न्याहारीनंतरची ठेवावी, कारण पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करते. नेमक्या त्याच वेळी घरातली सगळी मंडळी कामावर जायच्या घाईत असतात आणि आई मात्र संकोचाने थांबून राहतात, असे होत नाही ना, हे पाहा.

केतकी_पुणे
होते, अगदी असेच होते. संडास एकच आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. चूर्णाऐवजी इसबगोल चालेल का? सकाळी थायरॉइडची गोळी असते, तर ते कधी द्यावे?

रानजाई
डॉक्टरांनी पोट तपासून आत मल घट्ट होऊन त्याचा खडा झालेला नाही असे सांगितले आणि गिळायला काही त्रास नसेल, तर इसबगोल चालेल. आरंभी एकच चमचा, भरलेल्या पेल्यात ढवळून फुगण्याआधी प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. परिणामाला दोन-तीन दिवस लागतात आणि सुरुवातीला पोट थोडे फुगते, तेव्हा आई लगेच चूर्णाकडे वळतील. चूर्ण टप्प्याटप्प्याने कमी करा. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, तिच्यानंतर किमान चार तास लोह किंवा कॅल्शियम नको आणि ती दोन्ही एकत्रही नकोत. इसबगोल इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवावे, म्हणून संध्याकाळचे जेवण लवकर उरकून त्यानंतर, झोपण्याच्या बरेच आधी दिलेले सोयीचे पडेल. हा क्रम कागदावर लिहून भेटीच्या वेळी दाखवा आणि चूर्णाची डबीही सोबत न्या.