मूत्रवाहिनी, मूत्रमार्ग आणि नसबंदीतली 'नस'

प्रश्न : बाबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांना मराठीत समजावायचा आहे. 'युरेटर'मध्ये खडा आहे आणि प्रोस्टेट वाढली आहे. युरेटर म्हणजेच मूत्रमार्ग ना? प्रोस्टेटला काय म्हणू?

प्रतिसाद : नाही, तिथेच गल्लत होते. युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या या नळ्या दोन असतात, प्रत्येकी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब. मूत्रमार्ग म्हणजे युरेथ्रा. तो एकच, मूत्राशयातून बाहेर येणारा, पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटरचा. लघवी आणि वीर्य दोन्ही याच वाटेने बाहेर पडतात. बाबांना 'खडा किडनीतून खाली येताना नळीत अडकलाय' एवढं सांगितलंत तरी पुरे.

प्रोस्टेटला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण बोलताना प्रोस्टेटच म्हणा. ही ग्रंथी मूत्राशयाच्या लगेच खाली मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. म्हणून ती वाढली की लघवीची धार बारीक होते, रात्री सारखं उठावं लागतं.

प्रश्न : आणि नसबंदीत नेमकी कुठली नस बांधतात?

प्रतिसाद : रक्ताची नस नाही आणि संवेदनेचीही नाही. कापून बांधतात ती शुक्रवाहिनी, म्हणजे वृषणाला (पिशवीतल्या गोळीला) लागून असलेल्या अधिवृषणातून शुक्राणू वर नेणारी नळी. या 'नस' शब्दाने फार नुकसान केलंय असं माझं ठाम मत आहे. नस कापली म्हणजे ताकद गेली, हे गावोगावी ऐकू येतं. खरं तर वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक थेट रक्तात जातं, या नळीतून नाही, त्यामुळे ताठरता आणि इच्छा यांना धक्का लागत नाही. वीर्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच राहतं, कारण त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय (मूत्राशयामागच्या दोन ग्रंथी) आणि प्रोस्टेटमधून येतो. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत तर वृषणकोशाच्या त्वचेला एक बारीक छिद्र पाडूनच काम होतं.

मात्र शस्त्रक्रियेनंतर नळीत पुढे गेलेले शुक्राणू शिल्लक असतात. तेव्हा साधारण ३ महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची.

प्रतिसाद : 'अंडकोष' हा शब्द राहिलाच. काटेकोर अर्थाने कोष म्हणजे बाहेरची पिशवी आणि आतल्या दोन गोळ्या म्हणजे वृषण. लोक दोन्हींना अंडकोषच म्हणतात. डॉक्टरांना दुखणं सांगताना मात्र 'आतल्या गोळीत दुखतंय' की 'कातडीवर गाठ आहे' हे वेगळं करून सांगा. तरुण मुलाची एका बाजूची गोळी अचानक जोरात दुखायला लागली तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांतच तो निकामी होऊ शकतो.