संभाजीनगरात भाड्याचे घर आणि जुने घरसामान: जाहिरातींवर कितपत विसंबावे?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे लातूर जिल्ह्यातील असून लग्नानंतर नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात घर शोधत आहोत. माझे पती शेंद्रा औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत आणि मला वाळूज भागातील एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे. सध्या ते मित्रांच्या खोलीवर आणि मी मावशीकडे राहत असल्यामुळे घर लवकर मिळावे, अशी दोघांचीही इच्छा आहे. भाडे महिना ९,००० रुपयांपर्यंत आणि अनामत ३०,००० रुपयांपर्यंत देता येईल. फ्रिज, कपाट, दिवाण आणि कूलर या वस्तू नव्या घेण्यापेक्षा चांगल्या स्थितीतील जुन्या घ्याव्यात, आणि माझ्या शाळेसाठी एक जुनी स्कूटरही पाहावी, असे आम्ही ठरवले आहे.

जाहिरातींचा अनुभव मात्र निराश करणारा आहे. ‘मालकाकडून थेट, दलाली नाही’ असे लिहिलेल्या जाहिरातीवर फोन केला की पलीकडे एजंटच असतो. एकाच स्वयंपाकघराचे छायाचित्र आम्हाला गारखेडा आणि हडको अशा दोन्ही पत्त्यांवर दिसले. एका गृहस्थांनी घर दाखवण्यापूर्वीच सोसायटीच्या प्रवेशपासाचे पैसे मागितले. फ्रिजच्या बाबतीत तर, आपण सैन्यात असून तातडीने बदली झाल्यामुळे सामान स्वस्तात देत आहोत, अर्धी रक्कम पाठवल्यास ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवू, असे सांगणारे एकाहून अधिक विक्रेते भेटले.

दोन टोकांच्या नोकऱ्या सांभाळून राहण्यासाठी कोणता भाग योग्य ठरेल? घर आणि सामान यांपैकी आधी काय पाहावे? शिवाय एक घरमालक म्हणतात की करार अकरा महिन्यांचाच असल्यामुळे नोटरी पुरेशी आहे, नोंदणीची गरज नाही. हे बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सिडकोतील रहिवासी

ताई, आधी घर ठरवा, सामान नंतर. घराचा दरवाजा, जिना आणि खोलीची मापे हाती नसताना घेतलेले कपाट अनेकदा जिन्यातच अडते. वरचा मजला असेल तर हमालीही वाढते आणि स्वस्त वस्तू महाग पडते.

आता भागाविषयी. शेंद्रा जालना रस्त्यावर पूर्वेला आणि वाळूज नगर रस्त्यावर पश्चिमेला असल्यामुळे शहराच्या मधोमध राहिले तरी दोघांनाही रोज मुख्य रस्त्यावरच्या गर्दीतून जावे लागेल. नकाशावर पाहिल्यास सातारा परिसर आणि बीड बायपासचा पट्टा तुम्हाला सोयीचा वाटेल, कारण तेथून झाल्टा फाट्यामार्गे शेंद्र्याकडे आणि महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडने वाळूजकडे शहरात न शिरता जाता येते. नव्या इमारती भरपूर असल्यामुळे तेथे तुमच्या अंदाजपत्रकात वन बीएचके मिळण्याची शक्यताही जास्त आहे.

तरीही या शहरात घर निवडताना माझ्या मते पाण्याचा प्रश्न अंतराच्याही आधी विचारला पाहिजे. शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून पाणी येते. पण धरण भरलेले असले तरी नळाला रोज पाणी येते असे नाही. वसाहतीनुसार काही दिवसांच्या अंतराने पाळी असते आणि उन्हाळ्यात ते अंतर वाढते. सातारा, देवळाई या भागांतील बरीच घरे वर्षानुवर्षे बोअर आणि टँकर यांवरच अवलंबून राहिली आहेत. जाहिरातीत ‘२४ तास पाणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा गच्चीवरच्या टाकीत पाणी असते एवढाच असतो. ते पाणी नळाचे आहे, बोअरचे आहे की विकतचे आहे, हे जाहिरात सांगत नाही.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा घरमालकांना विचाराच, पण त्यांच्यापेक्षा खालच्या मजल्यावरील गृहिणीला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला अधिक विश्वासाने विचारा: नळाला कितव्या दिवशी पाणी येते, किती वेळ येते, दिवसा येते की मध्यरात्री, जमिनीखालचा हौद आहे का, मोटर सामाईक आहे का, आणि एप्रिल-मे महिन्यांत बोअर टिकतो का. दोघेही दिवसभर बाहेर असणाऱ्या जोडप्यासाठी हौद आणि सामाईक मोटर ही चैनीची गोष्ट नाही. या दोन सोयी नसतील, तर पाणी येण्याच्या दिवशी एकाला सुट्टी घ्यावी लागते.

बजाजनगरकर

वरील सर्व माहिती उपयुक्त आहे, पण भाग निवडण्याबाबत माझे मत वेगळे आहे. मधला बिंदू शोधण्याचा आग्रह धरू नका. शेंद्रा आणि वाळूज येथील अनेक मोठ्या कंपन्यांच्या बस कामगारांना शहरातील ठरावीक थांब्यांवरून ने-आण करतात. तुमच्या पतीच्या कंपनीची बस असेल, तर लांबचा प्रवास त्यांनी बसने करावा आणि घर तुमच्या शाळेच्या बाजूला घ्यावे. कारण स्कूटरवर ट्रक आणि कंटेनरांच्या रांगेतून रोज जाणे तुमच्या वाट्याला येणार आहे, आणि तो धोका कमी करणे महत्त्वाचे आहे. आम्ही दोघांनी हाच विचार करून वाळूज भागातील बजाजनगरात रो-हाऊसचा वरचा मजला घेतला आणि आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र कामाची पाळी बदलते तेव्हा बस कोणत्या थांब्यापर्यंत येते, हे आधी विचारून घ्या.

घर शोधण्याच्या पद्धतीबद्दलही सांगतो. आम्हाला घर ऑनलाइन जाहिरातीतून मिळाले नाही. ज्या गल्लीत राहायचे होते तेथे संध्याकाळी पायी फिरलो. गेटवर लावलेल्या ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्या, किराणा दुकाने आणि इस्त्रीवाले यांच्याकडून जी माहिती मिळाली, ती कोणत्याही संकेतस्थळावर नव्हती. ऑनलाइन जाहिरातींचा उपयोग त्या भागातील चालू भाड्याचा अंदाज येण्यापुरता करावा, असे मी सांगेन. घर दाखवण्यासाठी पैसे मागणाऱ्यांशी तर बोलणे तेथेच थांबवावे.

वकिलीतील एक

कराराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: नोटरी पुरेशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवानगीचा) करार लेखी असलाच पाहिजे आणि त्याची नोंदणीही झालीच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा समज १९०८ च्या नोंदणी अधिनियमामुळे रूढ झाला आहे, कारण त्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली, हे अनेक घरमालकांच्या लक्षात आलेले नाही.

हे सांगताना घरमालकांशी वाद घालण्याची आवश्यकता नाही. खर्चाचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. मुद्रांक शुल्क हे एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. तुमच्या ९,००० रुपये भाड्याला आणि ३०,००० रुपये अनामतीला अकरा महिन्यांसाठी ते सुमारे अडीचशे रुपये होते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी करून देणाऱ्या मदतनीसाचे शुल्क वेगळे द्यावे लागते; दोन्ही पक्षांनी खर्च निम्मा वाटून घेतला, तर कोणालाही जड जात नाही.

पैसे देण्यापूर्वी समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे का, हे पाहा. महावितरणचे अलीकडचे वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती मागा. दोन्हींवरील नाव आधारवरील नावाशी जुळत नसेल, तर नाते किंवा अधिकार दाखवणारे कागद पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. वीजबिलावर मागील थकबाकी आहे का, हेही त्याच वेळी कळते. अनामत बँकेतून किंवा यूपीआयने मालकाच्याच खात्यावर द्या आणि ती किती दिवसांत परत मिळेल, रंगकामासाठी काही कपात होणार का, टँकरचा खर्च कोण देणार, हे करारात लिहून घ्या. टँकरचे कलम आपल्या भागात विशेष महत्त्वाचे आहे, कारण भाडे ठरते हिवाळ्यात आणि वाद होतो उन्हाळ्यात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सुचवली आहे. एखादे राज्य तो स्वीकारत नाही तोवर तो तेथे बंधनकारक ठरत नाही, तरी घरमालकांशी बोलताना त्याचा दाखला देता येईल.

स्कूटरबाबत थोडक्यात: परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. कर्ज फेडलेले असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र, आणि गाडी एमएच २४, एमएच २६ अशा दुसऱ्या कार्यालयाची असेल तर तेथील नमुना २८ मधील ना-हरकत घ्यावी. सह्या केलेले कोरे नमुने घेऊन गाडी वर्षानुवर्षे तशीच वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती दोन्ही बाजूंसाठी घातक आहे.

परभणीहून

जुन्या सामानाविषयी लिहितो, कारण माझ्या घरातील निम्म्याहून अधिक सामान असेच घेतलेले आहे आणि त्याबद्दल मी समाधानी आहे.

वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात, त्यामुळे मे-जूनमध्ये खरोखर घर हलवणाऱ्या कुटुंबांच्या जाहिराती येतात. अशा कुटुंबाकडून, त्यांच्याच घरी जाऊन, वस्तू चालू असताना पाहून घ्यावी. तुम्ही लातूरकडच्या आहात, म्हणून आणखी एक सांगतो: मेच्या सुरुवातीला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा झाली की लातूरमधील शिकवणीचे विद्यार्थी खोल्या सोडतात आणि लोखंडी कॉट, टेबल-खुर्ची, कूलर अगदी कमी किमतीत देऊन टाकतात. गावाकडून येणाऱ्या टेम्पोत ते आणणे सहज शक्य असते.

फ्रिज पाहताना विक्रेत्याला तो आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढली गेली, तर रबर सैल झाले आहे. ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत, म्हणून लेबलवरील वर्ष पाहा. जुन्या फ्रिजचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात. आणताना तो उभाच आणावा आणि घरी आल्यावर काही तास थांबूनच चालू करावा. कूलरची पत्र्याची टाकी आतून गंजली आहे का, ते बोट फिरवून पाहा. पंप आणि गवताची जाळी बदलता येते, पण कुजलेला तळ दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. दिवाणाचे प्लाय ठोकून वाळवीचा भुसा पडतो का, हे तपासा. गादी मात्र जुनी घेऊ नका, ढेकणांचा बंदोबस्त करणे फार कठीण जाते.

पाण्याच्या ड्रमबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. पाणी साठवण्यासाठी निळे प्लॅस्टिकचे जुने ड्रम सर्रास विकले जातात, आणि औद्योगिक वसाहतींतून येणाऱ्या अशा ड्रममध्ये पूर्वी कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. धुऊन वास गेला म्हणजे ड्रम सुरक्षित झाला असे नाही. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी टाकी नवीच घ्या.

सैन्याचे नाव सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांना उत्तरच देऊ नका. पुढे कधी तुम्ही स्वतः काही विकायला काढाल, तेव्हा तेच लोक ‘पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करा’ असे सांगतील. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावाच लागत नाही. कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

मांजराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पतीच्या कंपनीची बस आहे, हे विचारल्यावर कळले. म्हणून आता शाळेच्या बाजूलाच पायी फिरून घर पाहणार आहोत आणि नोंदणीचा खर्च निम्मा देण्याची तयारी घरमालकांना सुरुवातीलाच सांगणार आहोत. एकच शंका उरली आहे. सामान विकणारे एक कुटुंब शेगडीसोबत भरलेला गॅस सिलिंडरही देऊ करत आहे. तो घ्यावा का?

परभणीहून

शेगडी घ्या, सिलिंडर घेऊ नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर हे गॅस कंपनीचे असतात, ग्राहकाकडे ते अनामतीवर दिलेले असतात आणि दुसऱ्याला विकता येत नाहीत. त्या कुटुंबाला ते एजन्सीत जमा करून आपली अनामत परत घेता येईल. तुम्ही नोंदवलेल्या भाडेकराराची प्रत आणि आधार देऊन स्वतःच्या नावावर जोडणी घ्या. शेगडीची रबरी नळी मात्र जुनी वापरू नका. तीवरील तारीख पाहून नवीन बसवून घ्या.