विषय: रविवारचं बीन सॅलड, डबे कोण आणतंय?

प्रेषक: भोजन समिती

मंडळी,

दादरच्या हॉलवर गॅस चालणार नाही, इंडक्शनही नाही. पोळ्या, भात, आमटी केटररकडून येतेय, तो विषय संपला. कोशिंबिरीच्या जागी बीन सॅलड ठरलंय आणि ते आपणच करायचं, तिथेच, न शिजवता. ५० पानं.

४०० ग्रॅमच्या डब्यातून पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात. पानाला ६० ग्रॅम धरले तर ३ किलो, म्हणजे १३ डबे. राजमा ७, काबुली चणे ६. परदेशातून सुट्टीवर आलेल्यांपैकी कोण पश्चिम उपनगरात उतरलंय? तिकडच्या मोठ्या दुकानांत मिळतील. आज रात्रीपर्यंत कळवा.

---

प्रेषक: पार्ल्याच्या काकू
विषय: पुन्हा: रविवारचं बीन सॅलड

डबे कशाला? परदेशात ठीक आहे, तिकडे डबाच स्वस्त पडतो. मुंबईत सुटा राजमा कोपऱ्यावर मिळतो, १३ डब्यांच्या पैशांत दोन कार्यक्रमांचं सॅलड होईल. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, झालं. चैत्रात आंबेडाळ करतो तेव्हा चणाडाळ कुठे शिजवतो? मुगाची डाळ भिजवून काकडीत घालतो तीही कच्चीच.

---

प्रेषक: ठाणेकर
विषय: पुन्हा: पुन्हा: रविवारचं बीन सॅलड

काकू, मूगडाळ आणि चणाडाळीबद्दल तुमचं बरोबर. राजम्याला मात्र तो न्याय लावू नका, ही कळकळीची विनंती.

कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, मग जोरदार उलट्या, मागून जुलाब. भिजवून आणि मोड आणून ते जात नाही. कोमट आचेवर तासन्‌तास ठेवलं तरी जात नाही, उलट ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून स्लो कुकरमध्ये थेट कच्चा राजमा टाकायचा नसतो. निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. १० मिनिटं ही अगदी कमीत कमी मर्यादा, ३० मिनिटं धरली की निर्धास्त.

डब्यातला राजमा चालतो कारण तो डबा सीलबंद झाल्यावर आतच शिजवलेला असतो. ‘न शिजवता’ म्हणजे हॉलवर न शिजवता. दाणा शिजलेलाच हवा.

वालाचंही तेच, कच्चे मोड नकोत. कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो.

---

प्रेषक: पार्ल्याच्या काकू

राजमा सोडला. मग मोडाची मटकी? सव्वा किलो मटकी भिजवली की मोडांसकट तीन किलोच्या आसपास जाते.

---

प्रेषक: ठाणेकर

मटकीत राजम्यासारखं विष नाही. तिथे अडचण जंतूंची. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते, आणि दाण्याच्या सालीवर साल्मोनेला असला तर धुऊन निघत नाही. घरी चार माणसांना मूठमूठ वाढणं वेगळं. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेले बरेच येतात, लहान मुलंही येतात. मटकी आणायचीच असेल तर चांगली पाच-सात मिनिटं वाफवून, आतपर्यंत गरम करून, पसरून गार करून आणा. करकरीतपणा थोडा जाईल, जाऊ दे.

---

प्रेषक: गिरगावकर
विषय: पुन्हा: डबे

डबे आणि कच्चे दाणे यांच्यामध्ये कुकर नावाची वस्तू आहे. घरून शिजवून आणू. सुटा राजमा आणि काबुली चणे मिळून सव्वा किलो घेतले की शिजून तीन किलोच्या आसपास होतात.

सॅलडचा दाणा अख्खा राहायला हवा, भाजीसारखा शिजवून चालणार नाही. राजमा आणि चणे वेगळ्या कुकरात, वेळ वेगळी लागते. भिजवताना आणि शिजवतानाही पाण्यात मीठ घाला, सालं कमी फाटतात. लिंबू, टोमॅटो मात्र आधी अजिबात नको, आंबटाने दाणा दडस राहतो. शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की आतलं पाणी उसळतं आणि दाणे फुटतात. आपोआप उतरू द्या, मग दाणे त्याच पाण्यात जरा निवू द्या. गरम असताना चाळणीत उघडे ठेवले की सालं वाळून तडकतात. त्यानंतर निथळून, पसरट ताटात लवकर गार करून थेट फ्रिजमध्ये.

---

प्रेषक: भोजन समिती

काका, पद्धत पटली, पण तीन घरांतून तीन तऱ्हेचे दाणे येतील: एक मऊ, एक कचकचीत. आणि कचकचीत राजमा वाढायचाच नाही असं आत्ताच ठरलंय. पन्नास पानांसाठी मला एकसारखा दाणा हवा. शनिवारी एकाच घरात, एकाच माणसाच्या देखरेखीखाली होणार असेल तर कुकर. नाहीतर डबे.

---

प्रेषक: गिरगावकर

माझ्या घरी होईल. आठ लिटरचे दोन कुकर आहेत.

---

प्रेषक: माहीमच्या ताई
विषय: पाणी सुटतं त्याचं काय?

दाण्यांवरच सगळी चर्चा झाली. हे सॅलड बिघडतं ते पाण्याने. काकडी आणि टोमॅटोला मीठ लागलं की अर्ध्या तासात तळाशी रस साचतो आणि वरचं सगळं अळणी लागतं. म्हणून:

काकडी दीड किलो, उभी चिरून चमच्याने बिया काढा. टोमॅटो एक किलो, घट्ट, आतला गर काढून. कांदा अर्धा किलो बारीक चिरून १० मिनिटं गार पाण्यात, मग घट्ट पिळून, उग्रपणा जातो. सिमला मिरची तीन. कोथिंबीर दोन जुड्या, धुऊन पूर्ण कोरडी केलेली. दाणेही निथळल्यावर फडक्यावर टिपा, ओल्या दाण्याला तेल धरत नाही.

वरून घालायला: लिंबाचा रस २०० मिली (कागदी लिंबं १२ ते १५ लागतील, रसावर अवलंबून), तेल २०० मिली, भाजलेल्या जिऱ्याची पूड तीन छोटे चमचे, मिरपूड एक, साखर दोन. बाटलीत घालून हलवा. मीठ यात नको. दाण्यांत मीठ आलेलंच आहे. वाढायच्या आधी वरून मीठ चार छोटे चमचे, मग चाखून.

दाण्यांना मात्र हा रस तासभर आधी चोळा. मुरल्याशिवाय राजमा पिठूळ आणि फिका लागतो. भाज्या शेवटच्या १० मिनिटांत.

---

प्रेषक: पार्ल्याच्या काकू

कांदा वेगळ्या भांड्यात ठेवा. न खाणारे आहेत. आणि माझं पितळी पातेलं नका मागू, कल्हई उतरलीय, लिंबू त्यात चालणार नाही.

---

प्रेषक: ठाणेकर

अ‍ॅल्युमिनियमची परातही नको, तोच आंबटाचा प्रश्न. स्टील.

दाणे घरून निघाल्यापासून वाढेपर्यंत बर्फाच्या पेटीत हवेत. डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर जातो. कालवलेलं सॅलड टेबलावर एक तास, त्यापुढे नाही. म्हणून दोन हप्त्यांत कालवा: आधी निम्मं, संपत आलं की उरलेलं.

---

प्रेषक: भोजन समिती

ठरलं. शनिवारी कुकर गिरगावात, भाज्या ताई दादरच्या मंडईतून. लिंबं काकू आणतील. बर्फाच्या दोन पेट्या कोणाकडे आहेत? गेल्या वेळची निळी पेटी ज्यांच्याकडे राहिलीय त्यांनी झाकणासकट आणावी.